दोराच्या वाटेने शिखरावर

आपल्या आर्णीकडच्या माणसाला गड चढणे म्हटले की बहुधा माहूर आठवते. पैनगंगा ओलांडून रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना पायऱ्यांवर लागणारी धाप आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाची आहे. म्हातारी माणसे मध्येच टेकतात, एखादे मूल वडिलांच्या खांद्यावर जाते, आणि कोणीतरी हमखास म्हणते की, वर जायला पाळणा असता तर किती बरे झाले असते!

असा पाळणा महाराष्ट्रात रायगडावर १९९६ पासून चालू आहे. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. पायथ्याच्या हिरकणीवाडीतून निघणारा रज्जुमार्ग, म्हणजेच आपला 'रोपवे', सुमारे ७५० मीटर लांबीच्या दोरावरून माणसांना सुमारे ४०० मीटर उंच उचलतो, आणि तेही चारएक मिनिटांत. ज्या कड्यावरून हिरकणी गवळण आपल्या तान्ह्या बाळासाठी रात्रीच्या अंधारात उतरली, असे लोक सांगत आले आहेत, त्याच बाजूने आज आजीबाई मांडीवर पिशवी ठेवून बसल्या बसल्या वर जातात. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर २०१८ पासून दोराने ओढली जाणारी गाडी चालते. ती मात्र रुळांवरून जाते, अधांतरी नव्हे.

ज्यांना याहून उंच जायचे आहे, ते काश्मिरात गुलमर्गला जातात. तेथील रज्जुमार्गाला 'गोंडोला' म्हणतात आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे वरचे स्थानक सुमारे ३,९५० मीटर उंचीवर, अफरवत शिखराच्या खांद्याशी आहे. युरोपात आल्प्स पर्वतातील 'एग्वी द्यु मिदी' या ३,८४२ मीटर उंचीच्या सुळक्यावर १९५५ पासून रज्जुमार्ग जातो. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या जिल्ह्यातूनही पुष्कळ कुटुंबे काश्मीरला जाऊ लागली आहेत. म्हणून हा दोर माणसासाठी नेमके काय करतो, आणि काय करू शकत नाही, हे या लेखात पाहू.

प्रथम कामाचा हिशेब. समजा, तुमचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. ४०० मीटर वर जाण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार: ६० × ९.८ × ४०० = २,३५,२०० ज्यूल. आकडा मोठा दिसतो. पण विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे घर्षण वगैरे काहीच नसते, तर एका युनिटात तुमच्यासारखे पंधरा जण गडावर पोहोचले असते! आहाराच्या भाषेत हे कार्य अवघे ५६ किलोकॅलरी भरते. परंतु आपले शरीर हे काही फार कार्यक्षम यंत्र नाही. अन्नातील ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच चढण्याच्या उपयोगी पडतो आणि उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून गड चढताना आपण घामाघूम होतो, आणि वर गेल्यावर पिठले-भाकरी एवढी गोड लागते.

कार्य तेच, पण वेळ निराळा. हीच चढण तुम्ही दीड तासात, म्हणजे ५,४०० सेकंदांत चढलात, तर तुमची सरासरी शक्ती ४४ वॅट भरते. एखाद्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी. दोर हे काम २४० सेकंदांत करतो. म्हणजे एका माणसामागे ९८० वॅट, जवळजवळ १.३ अश्वशक्ती. कार्य आणि शक्ती यांतील भेद विद्यार्थ्यांना पाठ असतो, पण विचारल्यावर दोहोंची गल्लत होते. त्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः सोडवून पाहावे.

आता एक शंका येईल. माणसाचे वजन तर उचलावे लागतेच. पण त्या लोखंडी पाळण्याचे वजन कोण उचलते? याचे उत्तर फार सुंदर आहे. विहिरीच्या कप्पीवरून एकच दोर घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना दोन सारख्या बादल्या बांधा. एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते आणि रिकाम्या बादल्यांचे वजन एकमेकांना तोलते. तुमचे श्रम फक्त पाण्यापुरते. रायगडाचा रज्जुमार्ग याच तत्त्वावर चालतो: एका बाजूचे पाळणे वर निघाले की दुसऱ्या बाजूचे खाली येऊ लागतात. समजा, सहा माणसे वर जात आहेत आणि चार खाली येत आहेत. मग मोटारीला निव्वळ दोन माणसांचे, म्हणजे १२० किलोग्रॅमचे वजन उचलायचे राहिले. त्यासाठी चार मिनिटांच्या फेरीत १,९६० वॅट शक्ती पुरे. शेतातील पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या निम्म्याहून थोडी अधिक! अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला. घर्षण, दोराचे स्वतःचे वजन, वारा आणि गती घेताना लागणारा जोर यांसाठी प्रत्यक्षात बरीच मोठी मोटार बसवावी लागते.

(जुन्या लोकांनी ही युक्ती निराळ्या रीतीने वापरली होती. मोट हाकताना बैल उतरत्या धावेवरून खाली चालत, म्हणजे त्यांचे स्वतःचे वजन पाणी वर खेचण्याच्या कामी येई. घरात कोणी ऐंशीच्या पुढचे असतील तर त्यांना अवश्य विचारा.)

सायंकाळी गडावर आणखी एक गंमत घडते. वर जाणारे कोणी नसते आणि खाली येणाऱ्यांची मात्र रांग लागलेली असते. अशा वेळी मोटारीला ओढावे लागत नाही, उलट आवरून धरावे लागते. खाली येणाऱ्या माणसांची स्थितिज ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, किंवा योजना तशी असेल तर मोटार जनित्रासारखी फिरून वीज परत देते.

रज्जुमार्गाकडे लांबून पाहिले की दोर मधे झोळासारखा लोंबलेला दिसतो. पुष्कळांना वाटते की दोर ढिला राहिला आहे, तो ताणून सरळ का करीत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर वर्गातच मिळवता येईल. एका लांब दोरीच्या मधोमध वीट बांधा आणि दोन दांडग्या मुलांना दोरीची दोन टोके धरून ती सरळ करायला सांगा. दोरी जसजशी सरळ होत जाईल, तसतशी मुले लाल होत जातील; पण अगदी सरळ रेषा काही केल्या होणार नाही. कारण विटेचे वजन सरळ खाली आहे, आणि ते तोलायला दोरीतील ताणाचा वरच्या दिशेचा घटक हवा. दोरी आडवी झाली की हा घटक शून्य होतो. मग ताण कितीही वाढवा, विटेला आधार मिळत नाही.

अभियंते यासाठी एक सोपे सूत्र वापरतात. दोराचे दर मीटरला वजन व, दोन आधारांतील अंतर ल आणि मधला झोळ झ असेल, तर ताण जवळजवळ व × ल² ÷ ८झ इतका असतो. समजा दोर मीटरला ४ किलोग्रॅम आहे आणि आधार ४०० मीटर अंतरावर आहेत. झोळ २० मीटर ठेवला तर ताण ४ टन. झोळ १० मीटर केला तर ८ टन. ५ मीटर केला तर १६ टन! आणि ही गोष्ट नुसत्या दोराची झाली, पाळणे अजून टांगायचेच आहेत. वाळत घालायची दोरी खिळा उपटून का येते, हेही येथे कळेल. झोळ हा रज्जुमार्गाचा दोष नसून त्याचा प्राण आहे.

एवढा ताण सोसणारा दोर हवा कशाचा? तागाचा दोर तर केव्हाच तुटेल. लोखंडी साखळीला एक खोड अशी, की तिची एक कडी कच्ची निघाली की सगळी साखळी गेली. जर्मनीतील हार्त्स डोंगरात क्लाउस्टाल येथे खाणीचे अधिकारी असलेल्या विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये यातून वाट काढली. त्यांनी चार-चार तारांचे तीन पेड वळून तारेचा दोर तयार केला. अशा दोरातील एखादी तार तुटली तरी शेजारच्या तारा तिला घर्षणाने आवळून धरतात आणि थोड्या अंतरावर ती पुन्हा आपला भार उचलू लागते. धोका असतो तो तुटलेल्या तारांची संख्या वाढत जाण्याचा. त्यातल्या काही दोराच्या पोटात असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून दोर ठराविक काळाने चुंबकीय उपकरणातून तपासतात. पोलादातून जाणारी चुंबकीय रेषा तुटलेल्या तारेपाशी दोराबाहेर डोकावते आणि उपकरणाला ती जागा कळते.

या तारेच्या दोरामुळेच आल्प्स पर्वतात माणसांना अधांतरी वर नेणे शक्य झाले. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्ड गावाजवळ वेटरहॉर्न पर्वताच्या कड्यावर १९०८ साली प्रवाशांसाठी असा पाळणा सुरू झाला. पुढे त्यांची संख्या वाढत गेली आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले.

एका प्रकारात पाळणा एका जाड, स्थिर दोरावर चाकांनी धावतो आणि दुसरा बारीक दोर त्याला ओढतो. पहिल्याला भारवाही दोर म्हणू आणि दुसऱ्याला ओढदोर. एग्वी द्यु मिदीचा रज्जुमार्ग या जातीचा आहे. खालचे शामोनी गाव १,०३५ मीटरवर, मधले स्थानक २,३१७ मीटरवर आणि वरचे ३,७७७ मीटरवर. या दुसऱ्या टप्प्यात सुमारे दीड किलोमीटर उभी चढण असून वाटेत एकही खांब नाही! हिमनदीवर आणि उभ्या कातळावर खांब रोवणार तरी कोठे? शेवटची काही उंची खडकाच्या पोटातील लिफ्टने जायची.

दुसऱ्या प्रकारात एकच दोर सतत वर्तुळात फिरत असतो आणि तोच पाळण्यांना पेलतोही. गुलमर्गचा गोंडोला हा असा आहे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. सहा-सहा जणांचे छोटे पाळणे चिमट्याने दोराला पकडतात. स्थानकात शिरताना चिमटा सुटतो, दोर आपल्या वेगाने पुढे जातो आणि पाळणा माणसाच्या चालीने सरकत राहतो, म्हणजे चढणे-उतरणे होते. मग पुन्हा वेग घेऊन तो दोर पकडतो.

यातील धोका झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन दोरांच्या पद्धतीत ओढदोर तुटला तर पाळणा भारवाही दोरावरून खाली घसरू लागेल. म्हणून त्याच्या चाकांपाशी एक ब्रेक असतो, आणि त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. हा ब्रेक 'लावावा' लागत नाही. जोरकस स्प्रिंग त्याला सदैव मिटवायला पाहत असते. तो उघडा धरून ठेवावा लागतो. ओढदोराचा ताण नाहीसा झाला की ब्रेक आपोआप मिटतो आणि भारवाही दोराला घट्ट धरतो. बिघाड झाला तर यंत्राने आपणहून सुरक्षित स्थितीत जावे, हे यंत्ररचनेतील एक थोर तत्त्व आहे.

इटलीत मोत्तारोने पर्वतावर २३ मे २०२१ रोजी ओढदोर तुटला आणि ब्रेक मिटलाच नाही. पाळण्यातील १५ जणांपैकी १४ मरण पावले, एक लहान मुलगा वाचला. नंतर उघड झाले की ब्रेक वारंवार विनाकारण लागतो, फेऱ्या खोळंबतात, म्हणून तो मिटूच नये अशी लोखंडी अडसर त्यात घालून ठेवली होती. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी जाड तार गुंडाळणारे लोक आपल्याही गावात आहेत. दोहोंतले विज्ञान एकच आहे.

गुलमर्गला २५ जून २०१७ रोजी अपघात झाला, त्याचे कारण वेगळे होते. सोसाट्याच्या वाऱ्याने उन्मळलेले झाड रज्जुमार्गावर आदळले, पाळणा खाली कोसळला आणि सात जण गेले. वारा वाढला की रज्जुमार्ग बंद ठेवतात, त्या वेळी "आम्ही इतक्या लांबून आलो" म्हणून तेथील कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालणारे पर्यटक पाहिले की मला हे आठवते.

येथवर दोराची बाजू झाली. आता हवेकडे वळू.

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे तुम्ही वाचले आहेच. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाबही कमी होतो. प्रमाणित वातावरणाच्या सूत्राने काढलेले काही आकडे देतो. समुद्रसपाटीला पारा ७६० मिलिमीटर चढतो. आर्णी साधारण तीनशे मीटरच्या आसपास धरली तर येथे ७३३, रायगडावर ६८९, श्रीनगरला ६२८, गुलमर्गला, म्हणजे २,६५० मीटरवर, ५५०, आणि गोंडोलाच्या वरच्या टोकाला ४६५ मिलिमीटर. एक गोष्ट ध्यानात घ्या: दाब सगळीकडे सारख्या प्रमाणात घटत नाही. पहिल्या हजार मीटरमध्ये तो ८६ मिलिमीटरने उतरतो, तर तीन हजारांपासून चार हजार मीटरपर्यंत ६४ मिलिमीटरनेच. कारण हवा दाबली जाते. तळाची हवा दाट आणि वरची विरळ असते. पाण्याचे तसे नाही.

हा बदल पाहायला उपकरणच हवे असे नाही. आर्णीच्या दुकानातून घेतलेले चिवड्याचे हवाबंद पाकीट अफरवतला नेले तर ते फुगून टम्म होते. आतली हवा ७३३ मिलिमीटरची आणि बाहेरची ४६५ची. हा फरक पाकिटाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६० ग्रॅम वजनाइतका जोर बाहेरच्या बाजूस लावतो. कानाच्या पडद्याचेही तसेच होते. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी उघडली की दाब समान होतो, म्हणून पाळण्यात कान दडले तर आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी. वर पाणी ८७ अंश सेल्सिअसलाच उकळते. आपल्याकडची तुरीची डाळ तेथे उघड्या पातेल्यात शिजवायला घेतली, तर पाणी खळखळून उकळेल, डाळ मात्र शिजता शिजणार नाही.

उकळत्या पाण्याचा हा गुण पर्वतारोहणाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. एग्वी द्यु मिदीच्या शेजारीच सुमारे ४,८०७ मीटर उंचीचे माँ ब्लाँ शिखर आहे. ते ८ ऑगस्ट १७८६ रोजी पाकार नावाचा डॉक्टर आणि बाल्मा नावाचा स्फटिक गोळा करणारा गावकरी यांनी प्रथम सर केले. पुढच्या वर्षी सोस्यूर हे जिनिव्हाचे शास्त्रज्ञ वर गेले ते हौसेखातर नव्हे. वायुभारमापक, तापमापक असे सामान घेऊन गेले आणि माथ्यावर त्यांनी हवेचा दाब व पाण्याचा उत्कलनबिंदू मोजला. दम लागत असताना हे प्रयोग करणे त्यांना अतिशय जड गेले. म्हणजे विरळ हवेचा परिणाम त्यांनी उपकरणावर आणि स्वतःवर, दोन्हीकडे पाहिला!

हा परिणाम नेमका कशामुळे होतो? वर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते, असे उत्तर बहुतेक विद्यार्थी लिहितात. ते चूक आहे. प्रमाण तेथेही शेकडा २१ च असते. कमी होतो तो दाब. आणि यात एक बारकावा आहे, तो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. फुप्फुसात शिरताना हवा ओली होते. शरीराच्या ३७ अंश तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो. तो आर्णीतही तेवढाच आणि अफरवतलाही तेवढाच, कारण शरीराचे तापमान तेच आहे. हा ४७ चा वाटा आधी वजा करावा लागतो. आर्णीत ७३३ मधून ४७ गेले, राहिले ६८६. त्याच्या शेकडा २१ म्हणजे १४४ मिलिमीटर हा ऑक्सिजनचा दाब. अफरवतला ४६५ मधून ४७ गेले, राहिले ४१८. त्याच्या शेकडा २१ म्हणजे ८८. आपल्या गावी मिळतो त्याच्या जेमतेम तीनपंचमांश! एवढ्याच दाबाने ऑक्सिजनला फुप्फुसातून रक्तात शिरायचे आहे.

शरीर यावर उपाय करते, पण प्रत्येक उपायाला आपापला वेळ लागतो. मानेतील मोठ्या धमनीपाशी रक्तातील ऑक्सिजनची जाण ठेवणारे सूक्ष्म अवयव असतात. त्यांच्या इशाऱ्याने काही मिनिटांतच श्वास जलद होतो, नाडी वाढते. पण जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागते. मग मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे रक्तातील बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात. त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर कित्येक आठवडे हवेत.

आता दोराचा वेग या वेगांशेजारी ठेवून पाहा. गुलमर्गहून दोन्ही टप्पे मिळून साधारण वीस-पंचवीस मिनिटांत माणूस १,३०० मीटर वर जातो. पायी जाणाऱ्या गिर्यारोहकांचा दंडक असा आहे की, तीन हजार मीटरच्या वर रोज झोपण्याची जागा फार तर ५०० मीटरने वाढवावी आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. आर्णीहून निघालेले कुटुंब मात्र नागपूरहून विमानाने श्रीनगरला, दुसऱ्या दिवशी गुलमर्गला आणि त्याच दुपारी अफरवतला पोहोचलेले असते. गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे सारे कार्य दोराने केले. मूत्रपिंडांचे आणि रक्ताचे काम त्याला करता येत नाही.

मग वर जाऊच नये काय? तसे मुळीच नाही. उंचीचा त्रास, म्हणजे डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप न येणे, हा बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. वर तासभर थांबून त्याच दोराने खाली येणाऱ्या निरोगी माणसाला तो गाठण्याआधीच तो खाली आलेला असतो. दम मात्र तत्काळ लागतो. पाळण्यातून उतरल्याबरोबर बर्फात धावाधाव करणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या वडिलांनी हे ध्यानात ठेवावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि तान्ह्या मुलांना नेऊ पाहणाऱ्यांनी निघण्यापूर्वी घरच्या डॉक्टरांना '३,९५० मीटर' हा आकडा सांगून विचारावे. नुसते "काश्मीरला जातो" एवढे सांगून भागत नाही, कारण श्रीनगर आणि अफरवत यांच्या हवेत फार फरक आहे. वर डोके फार दुखू लागले, उलटी झाली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर औषध एकच: ताबडतोब खाली यायचे. वर जायचे तिकीट महाग असते, म्हणून "अजून थोडा वेळ थांबू" असे करू नये.

बर्फाच्या प्रवासाला निघताना कापराची पुडी हुंगायला घेण्याची चाल आता सर्वत्र पसरली आहे. कापराचा वास उग्र असतो, नाकाला थंड वाटते आणि श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. हवेचा दाब मात्र त्याने एक मिलिमीटरही वाढत नाही. ऑक्सिजनचे छोटे डबेही तेथे विकायला असतात. त्यांतील वायू खरा असला तरी तो काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर वरचा मुक्काम लांबवू नये.

खरे गिर्यारोहक दोराचा उपयोग कसा करतात, ते पाहण्यासारखे आहे. माँ ब्लाँ चढण्यासाठी शामोनीपासून पाकार आणि बाल्मा यांना सुमारे ३,७७० मीटर उंची पायी चढावी लागली होती. एग्वी द्यु मिदीच्या रज्जुमार्गाने आजचा माणूस त्यातील सुमारे २,७४० मीटर वीस मिनिटांत पार करतो, म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांश उंची बसल्या बसल्या. वरच्या स्थानकातील बर्फाच्या बोगद्यातून बाहेर पडले की समोर बर्फाची अरुंद धार असते, दोन्ही बाजूंना खोल उतार. तेथे प्रवाशांची वाट संपते आणि गिर्यारोहकांची सुरू होते. बुटांना लोखंडी काटे बांधायचे आणि एकमेकांना दोराने जोडून घेऊन उतरायचे. जाणते लोक त्याच दिवशी शिखराकडे धाव घेत नाहीत. ते आधी काही दिवस लहान शिखरांवर जाऊन येतात, जवळच ३,६१३ मीटरवर असलेल्या कोस्मिक नावाच्या निवाऱ्यात रात्र काढतात, आणि मगच मध्यरात्रीनंतर माँ ब्लाँकडे निघतात. दोराने वाचवलेले दिवस त्यांना शरीराला परत द्यावेच लागतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. शाळेची सहल रायगडला गेली तर एक छोटा प्रयोग करता येईल. काही मोबाइल फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा भाग असतो. तो नसेल तर निर्द्रव वायुभारमापक मिळवावा. हिरकणीवाडीत पाळणा सुटल्यापासून दर अर्ध्या मिनिटाने दाब लिहून घ्यावा, वर पोहोचल्यावर वेळ आणि दाब यांचा आलेख काढावा. या उंचीवर दर मिलिमीटर पाऱ्यामागे सुमारे १२ मीटर उंची धरून चालेल (फोनमधील हेक्टोपास्कलचे आकडे आधी ०.७५ ने गुणून घ्यावेत). आलेखावरून प्रत्येक अर्ध्या मिनिटात पाळणा किती मीटर वर गेला ते काढा, आणि दोराचा चढ सर्वांत अधिक कोठे होता ते शोधा. परतीच्या प्रवासात निम्म्या मुलांनी हाच प्रयोग पायऱ्यांवरून उतरताना करावा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून वर्गात लावावेत.